बाजेखालून दिसलेले पाय

परवा धाराशिवच्या दवाखान्यात नर्सबाई माझ्या मुरगळलेल्या पायाला क्रेप बँडेज गुंडाळू लागल्या आणि मला माकणी या आमच्या गावातली एक दुपार आठवली.

मी नववीत होते. मुक्तिसंग्राम दिनाच्या नाटकात मला निजामाच्या शिपायाचं काम मिळालं होतं. सरांनी कुठून तरी आणलेल्या जुन्या लोकरी पट्ट्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळून मी ऐटीत आत्याच्या घरी दाखवायला गेले. तिच्या सासूबाई ज्वारी निवडत होत्या. माझ्या पायांकडं नजर जाताच त्यांचा सुपातला हात थांबला. त्या सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकल्या.

“सोड त्या,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आधी सोड.”

मी घाईघाईनं सोडायला बसले. वेढे संपता संपेनात. घामेजलेल्या लोकरीचा उग्र वास येत होता.

“निजामाच्या वक्ताला मी बाजंखाली लपले व्हते. झडतीला आलेल्यांची तोंडं दिसलीच न्हाईत. नुसते असले पाय दिसले, बाजंभवती फिरणारे.”

त्या दिवशी मला भीती वाटली होती ती त्या म्हातारीची, त्या पायांची नाही.

“घट्ट होतंय का?” नर्सबाईंनी विचारलं. मी नाही म्हणाले आणि त्यांच्या तोंडाकडंच बघत राहिले. खाली स्वतःच्या पायाकडं बघायची हिंमत होईना.