शिऱ्यातलं केळं

दहावीत असताना मी तापीमाईशी परस्पर एक सौदा करून टाकला. आईच्या छातीत गाठ निघाली होती, तिचा तुकडा तपासायला इंदूरला गेला होता आणि रिपोर्टला दहा दिवस लागणार होते. जैनाबादहून नदीपलीकडे शनवाऱ्याला ट्यूशनला जाताना ऑटो तापीच्या पुलावर आली तेव्हा मी मनात म्हटलं, माय, रिपोर्ट चांगला येऊ दे, तोवर मी केळं खाणार नाही.

आमची शेती केळीची. सफरचंद सोडलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता, पण म्हटलं, सोडायचं तर जड जाईल असंच सोडावं. येता-जाता कुणीतरी हातावर केळं ठेवायचं आणि मी ते गुपचूप गाईला घालायची. नवस बोलून दाखवला की फळत नाही, असं ऐकलेलं, म्हणून तोंड मिटून होते. घरातले सगळेच देव पाण्यात घालून बसले होते, माझ्याकडे बघायला कुणाला सवड होती?

सहाव्या दिवशी काकूने आईसाठी सत्यनारायण घातला. पूजा झाली, द्रोण हातात आला, मी शिऱ्याचा घास घेतला. दुसरा घास तोंडात असताना जिभेला कळलं. सत्यनारायणाच्या शिऱ्यात केळं असतं हे काय मला माहीत नव्हतं? सकाळी काकूला केळी सोलून, कुस्करून मीच दिली होती. डोकं कुठे होतं कोण जाणे. आता गिळावं तर नवस मोडतो, थुंकावं तर प्रसादाचा अपमान, आणि प्रसाद टाकणाऱ्याचं काय होतं ते पोथीत नुकतंच ऐकलेलं. इकडे आड, तिकडे विहीर. गिळला. द्रोणही चाटून पुसून संपवला, कारण अर्धवट टाकायची छाती झाली नाही.

त्या क्षणापासून मला बसवेना. मोबाइलवर हिंदीत टाकलं, व्रत टूट जाए तो क्या करें. सात जणांनी सात उपाय सांगितले होते. मी सातही केले. तुळशीला एकशे आठ प्रदक्षिणा घालताना मध्येच आकडा चुकला की पुन्हा एकपासून. मीठ सोडलं. चप्पल सोडली. पुस्तक उघडलं की वाटायचं, आपण इथे बसलोय आणि तिकडे इंदूरला लॅबवाले काहीतरी लिहितायत. आई खोकली तरी मी उठून तुळशीकडे धावायची. मला भयंकर भीती वाटत होती आणि त्याहून जास्त स्वतःची चीड येत होती. दोन घास शिऱ्यासाठी आईला घालवणारी मुलगी.

रिपोर्टच्या आदल्या दिवशी दुपारी आईने मला तुळशीपाशीच पकडलं. दंड धरून ओसरीवर बसवलं.

"काय चाललं गं तुझं? जेवत भी नाही, बसत भी नाही. पाय पाहिले का सवताचे?"

मी सांगून टाकलं. नवस, शिरा, सगळं. मला वाटलं, ती जवळ घेईल. ती चिडली.

"म्हंजे मी मेली तर तुझ्यामुळे मरीन का? इतकी मोठी झाली का तू?"

ती आत गेली आणि एक केळं घेऊन आली. सोलून माझ्यापुढे धरलं.

"खाय."

"आई, उद्या रिपोर्ट येणार आहे. उद्या खाईन नं, पक्का."

"उद्या चांगला आला तर म्हणशील, मीच वाचवलं. मंग जिंदगीभर अशीच घाबरत गोल फिरत राहशील. आजच खायचं. माझ्यासमोर."

"तापीमाई रागावली तर?"

"तिला मी पाहून घेईन. माझं भी येणंजाणं आहे तिच्याकडे."

आईची श्रद्धा काही कमी नव्हती. दर अमावास्येला घाटावर दिवा सोडणारी बाई ती. तीच केळं पुढे करून बसली होती आणि ओठांतल्या ओठांत तापीमाईचं नाव घेत होती. तेव्हा मला कळलं की ती माझ्याहून जास्त घाबरलेली आहे. मी रडत रडत खाल्लं. शेवटचा घास उतरेपर्यंत तिने माझ्या तोंडावरची नजर काढली नाही. मग साल उचलली आणि म्हणाली, "आता जे होईल ते गाठीनं होईल. तुझ्यानं नाही."

दुसऱ्या दिवशी बाबांच्या मोबाइलवर रिपोर्ट आला. चांगला नव्हता.

मग पुढे इंदूरच्या खेपा, सुया, उलट्या, तिचे गळालेले केस. शिरा खाल्ला म्हणून हे झालं, असं मनात आलं नाही म्हटलं तर खोटं होईल. कितीतरी वेळा आलं. पण ते मनात येण्याआधीच तिने मला केळं खाऊ घालून दोष गाठीच्या नावावर करून ठेवला होता.