खळ्याबाहेरची लॉरी

जर्मनीशी लढाई सुरू झाली त्याच्या आदल्या वर्षी, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, कामशेतला मी अब्बांशी खोटं बोलले. तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

अब्बांची लॉरी जुनी होती. तिच्या फळ्यांत गवताचा, घामाचा आणि नव्या तांदळाच्या पोत्यांचा वास मुरलेला असे. गिअरबॉक्सच्या एका कुशीला बूच होतं. ते काढलं की तेल त्या भोकाच्या काठाशी दिसायला हवं. अब्बांचा पंजा तिथल्या फटीत शिरत नसे, माझा शिरे. म्हणून प्रवासाआधी मी गाडीखाली सरपटत जाई, बोट आत घाली आणि ते जाड, काळं, थंड तेल टोकाला लागलं की वर ओरडून सांगे. गाडी मात्र सपाटीवर हवी... आणि आमच्या आळीत सपाट जागा एकच होती— शेजारच्या गणपतआबांचं शेणानं सारवलेलं खळं. रात्री लॉरी तिथेच उभी असे.

त्या दिवशी खोपोलीला लग्नाचं वऱ्हाड न्यायचं होतं. अब्बा माणसं आणायला स्टेशनवर गेले. "मी येईस्तोवर तेल बघून ठेव," म्हणाले. मी दवानं ओल्या पेंढ्यावर उन्हाची वाट पाहत बसून राहिले. तेवढ्यात गणपतआबा आपल्या तीन जवान मुलांना घेऊन आले. "सर गं पोरी, भात पसरायचंय." चौघांनी लॉरी ढकलून बांधाला लावली. तिथे ती बुचाच्या बाजूला कलली. मग मी खाली शिरले. बोट दोन पेरं भिजून आलं. तेल एका बाजूला साचलंय, हे मला कळत होतं.

अब्बा आले, वऱ्हाड चढलं. "खळ्यावर असतानाच बघितलंस ना?"

"व्हय."

नाही म्हटलं असतं, तर पसरलेलं भात गोळा करावं लागलं असतं आणि शिक्षा म्हणून अब्बांनी मला घरीच ठेवलं असतं. घाट दाखवायला ते मला प्रथमच नेत होते.

लोणावळा जवळ आलं तसा पायाखालच्या फळ्यांतून तापल्या लोखंडाचा वास येऊ लागला. गिअरचा दांडा थरथरत होता. खालून एक बारीक, चढत जाणारा आवाज येत होता. ब्रेक कमजोर होते. घाट अब्बा केवळ दुसऱ्या गिअरच्या जोरावर उतरत. कोरड्या दात्यांनी उतारावर तो गिअर सोडला, तर लॉरी थांबवणारं काही उरत नव्हतं.

लोणावळ्यातली शेवटची घरं दिसू लागली. पुढे घाटाचा उतार होता.

"अब्बा, थांबा. मी बांधावर बघितलं. खळ्यावर न्हाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सपाट जागा शोधून लॉरी उभी केली आणि गिअरबॉक्स निवेपर्यंत थांबावं लागेल म्हणून सांगितलं. नवरीची मावशी वरून म्हणाली, "कासमभाऊ, मुहूर्त टळला तर नवरा काय तुमच्या लॉरीला हळद लावंल व्हय?" वऱ्हाड हसलं. अर्धा तास गेला. कुणीतरी पानाची चंची काढली, कुणी उतरून पाय मोकळे केले...

मग अब्बा मला म्हणाले, "जा."

मी बोट मुळापर्यंत आत घातलं. काही लागलं नाही. बाहेर येऊन कोरडं बोट त्यांच्यासमोर धरलं. मावशीनं शेजारचं मूल मांडीवर ओढून घेतलं.

"चौदा माणसं हायेत, रझिया," अब्बा म्हणाले.

त्यांनी बाजारातून तेलाचा डबा आणला आणि नरसाळ्याला रबरी नळी लावून भोकातून तेल ओघळेपर्यंत ओतलं. डबा जवळजवळ रिकामा झाला. घाटात दुसरा गिअर टिकला. सकाळचा मुहूर्त टळला होता. अक्षता दुपारी पडल्या.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी लोहाराकडून एक तार वाकवून आणली. लॉरी त्यानंतर पाच वर्षं चालली. तेल ते त्या तारेनं बघत. मला त्यांनी पुन्हा गाडीखाली जायला सांगितलं नाही.