पाण्यासोबत चालणारे पाटकरीभाऊ

कालव्यातल्या पाण्याला चालायला वेळ लागतो, हे मी विसरलो. आणि मी नागपुरात देशोदेशीच्या अधिकाऱ्यांना सिंचन शिकवतो.

कालव्याचं पाणी शेतोशेती सोडणाऱ्या आमच्या पाटकरीभाऊंना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. कालव्याचं दार उघडलं की वहाणा काखेत मारून ते पाण्याच्या तोंडासोबत शेवटच्या शेतापर्यंत चालत जायचे. "भाऊ, गाडीत बसा," म्हटलं की म्हणायचे, "पानी का गाडीत बसून येते, साहेब?" मी हसायचो. नुसतं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

शेतकऱ्यांची पाणीवापर संस्था तेव्हा नवीन होती. पाळ्यांचं वेळापत्रक मी संगणकावर केलं, चांगलं रंगीत. सकाळी सहाला दार उघडायचं. सहा ते बारा अगदी शेवटच्या शेताच्या शांताबाईंची पाळी, बारापासून त्यांच्या वरच्या शेतातल्या गजाननची. हे पाहायला आठ परदेशी पाहुणे नेले. पाणी शांताबाईंच्या बांधावर पोचलं पावणेबाराला!

बाराच्या ठोक्याला गजानन फावडं घेऊन हजर. "कागद पाह्य न वं काकू. आता माही पाळी."

"पंधरा मिनिटांत काय भिजवू, माह्यं डोकसं?" शांताबाई पाटातच उभ्या राहिल्या. गहू नुकता निसवला होता, ओंब्या बाहेर पडल्या होत्या. पाणी हुकलं की दाणा भरणार नव्हता. "असा कागद असन तं शेवटचे आमी सारे आजच संस्था सोडतो!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. पाहुण्यांनी वह्या उघडल्या. मी वेळापत्रकाची घडी घालून खिशात टाकली.

"दार मीच उशिरा खोललं," भाऊ म्हणाले. "बोला मले."

गजाननने भाऊंकडे पाहिलं, फावडं खांद्यावर टाकलं. "घे वं काकू, संध्याकाळपर्यंत घे."

"खोटं का बोललात?" मी नंतर विचारलं.

"कागद खोटा ठरला असता तं संस्था मोडली असती. माह्यं काय, मी तं रिटायर होऊन राहिलो."

पुढच्या पाळीला मी हातात घड्याळ घेऊन भाऊंमागे शेवटपर्यंत चाललो आणि वेळापत्रक गुपचूप सुधारलं.

मागच्या महिन्यात भाऊ गेले. हुडकेश्वरला त्यांच्या मुलाच्या घरी गेलो, तर शांताबाई बसलेल्या. संस्था टिकली, आता त्याच अध्यक्ष. धीर करून मी सांगून टाकलं, त्या दिवशीची चूक माझी होती.

"मालूम आहे," त्या म्हणाल्या. "भाऊनं जिंदगीत दार उशिरा खोललं नाही. त्याईचं तोंड पाहून आमी गप बसलो. तुमचं पाहून तं तुमाले पाटातच ढकललं असतं."