आभार मानायला गेले आणि आजारी ठरले

लोक सहलीला जातात ते हवापालट म्हणून, नाहीतर देवदर्शनाला. आमच्या सौसर-पांढुर्ण्याच्या सहलीचं कारण गृहपाठ हे होतं. तोही वयाच्या सहासष्टाव्या वर्षी.

झालं असं की पुण्याच्या लेकीनं मला न विचारता एका ऑनलाइन वर्गात घातलं. विषय, 'उतारवयात रोजची कृतज्ञता'. फी तिनंच भरली, त्यामुळे सोडताही येईना. मार्गदर्शिका जेमतेम तिशीतली, तिला उतारवयाचा दांडगा अनुभव. रोज सकाळी तीन गोष्टींचे आभार मानून ग्रुपवर टाकायचे. मग झोप छान लागते, बीपी उतरतं, गुडघे कुरकुरत नाहीत. पहिल्या आठवड्यात मी सूर्य, प्राणवायू आणि नवऱ्याचे आभार मानले. पुढच्या आठवड्यात गीझर, कुकरची शिट्टी आणि पुन्हा नवरा, कारण दुसरं काही सुचेना. ग्रुपात एक निवृत्त तहसीलदार होते. ते रोज सात-आठ गोष्टींचे आभार मानून बाकीच्यांना मान खाली घालायला लावायचे. त्यांच्यापायी माझं बीपी उलट वाढलं.

मग आली 'कृतज्ञता भेट'. ज्यांचे आभार मानायचे राहून गेले त्यांच्याकडे न कळवता जायचं, हात हातात घ्यायचा, डोळ्यांत बघायचं आणि सावकाश बोलायचं. मी दोन नावं दिली. सौसरची माझी शाळूसोबतीण कुसुम, आणि पांढुर्ण्याची माझी वहिनी. दुसरं नाव तोंडातून कसं निघालं मलाच कळलं नाही. वहिनी आणि मी आठ-दहा वर्षं एकमेकींशी बोललो नव्हतो.

माझी आई मी लहान असतानाच गेली. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी तिसरीत होते. माझ्या वेण्या घालण्यापासून माझं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं तिनं केलं. पुढं माझ्या लेकीच्या लग्नात ती मामीच्या मानानं अंतरपाटाजवळ उभी होती, तर फोटोग्राफर म्हणाला, "आजी, जरा फ्रेमच्या बाहेर." ती फ्रेमच्या बाहेर झाली, मांडवाच्याही बाहेर झाली आणि न जेवता पांढुर्ण्याच्या बसमध्ये जाऊन बसली. मला कळलं ते पाठवणी आटोपल्यावर. तिनं फोन करावा म्हणून मी थांबले, मी करावा म्हणून ती. दादा आधीच गेलेला, मध्ये पडणारं कुणी नाही. त्यात वहिनीचं माहेर सावरगावचं, आणि मी पांढुर्ण्याची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकणारी आमची गावं. माघार घ्यायला आम्हा दोघींनाही कुणी शिकवलेलं नाही.

असो. डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही नागपूर सोडलं. जाणाऱ्यांसाठी सांगते, नाश्ता सावनेरला करा; तर्री पोहे झणझणीत मिळतात आणि दोघांचं पोट शंभराच्या आत भरतं. पेट्रोलही तिथंच भरा, सीमेपलीकडे महाग पडतं असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे. मध्य प्रदेश लागला तरी काही बदलत नाही. पाट्या हिंदी होतात आणि त्यांच्याखाली उभी असलेली माणसं वऱ्हाडीच बोलत राहतात. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे, रस्ता गुळगुळीत. दहा-साडेदहाला आम्ही सौसरात कुसुमच्या दारात होतो.

कुसुम निवृत्त शिक्षिका. शाळेत असताना तिनं मला सायकल शिकवली होती, आणि माझी पहिली नोकरी त्या सायकलच्या जोरावर टिकली. चहा झाला. मी तिचा हात हातात घेतला, डोळ्यांत बघितलं आणि शिकवल्याप्रमाणे सावकाश म्हणाले, "कुसुम, तू मला सायकल शिकवलीस. माझं आयुष्य तुझ्यामुळे बदललं. मी तुझी ऋणी आहे."

कुसुमचा चेहरा उतरला. तिनं कपबशी बाजूला ठेवली.

"मंगल, खरं सांग. कोणत्या स्टेजले हाये?"

"काय कोणत्या स्टेजला?"

"लपवून नको ठेवू वं. आमचे मोठे दीर असेच आले होते. जनमभर शिव्या देल्या, अन् एक दिवस घरी येऊन हात धरून म्हणाले, तुमचे लय उपकार हायेत. महिन्याच्या आत गेले."

"अगं, मी ठणठणीत आहे!"

"हाव, तेही असंच म्हणत होते."

नवऱ्याला अशा वेळी मदत करायची हुक्की येतेच. हे म्हणाले, "तसं काही नाही हो, तिचा एक कोर्स सुरू आहे."

"केमोचा?" कुसुमनं विचारलं आणि पदर डोळ्यांना लावला.

तासभर मी तिला वर्गाबद्दल समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, जसं आजारी माणसाचं ऐकून घेतात. निघताना संत्र्यांची एक मोठी पिशवी गाडीत ठेवली आणि ह्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "धीर सोडू नका भाऊजी."

सौसरहून पांढुर्ण्याला जाताना वाटेत जामसावळीचा मारुती लागतो. हा मारुती निजलेला आहे, आणि दुखणाईत माणसांना घेऊन लोक लांबलांबून तिथं येतात. आम्ही आपले सहज थांबलो. हे नारळ घ्यायला गेले, मी गुडघे दुखतात म्हणून पायरीवर टेकले. तेवढ्यात सकाळी कुसुमच्या दारात डोकावून गेलेली तिची शेजारीण दिसली. तिनं माझ्याकडे बघून लांबूनच हात जोडले आणि लगेच फोन कानाला लावला. मला तेव्हा काही वाटलं नाही.

पांढुर्णा आता जिल्हा झालाय. म्हणजे पाट्या मोठ्या झाल्या, रिकाम्या प्लॉटचे भाव मोठे झाले. बाजारातली कोंडी आधीपासून मोठीच होती. बाजार ओलांडून मी माहेरच्या गल्लीत शिरले. वहिनीनं दार लावून घेतलं तर? एवढ्या लांब येऊन बंद दारासमोर उभं राहायचं, तेही नवऱ्यादेखत.

दार सताड उघडं होतं. पुतण्या सुधीर धावत आला आणि माझा दंड धरून म्हणाला, "आत्या, हळू. पायरी हाये." माझ्यासाठी पलंग झाडून, उशी लावून तयार होता. कुसुमचा फोन गाडीच्या आधी पोचला होता, आणि त्याच्या पाठोपाठ जामसावळीची खबरही.

आतून वहिनी आली. पंचाहत्तरीची, वाकलेली, केस पार पांढरे झालेले. माझ्याजवळ बसली आणि तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी वाटेत पाठ केलेली तिन्ही वाक्यं विसरले.

मग जेवणं. माझ्या ताटात मऊ भात, मुगाचं पिवळं वरण आणि चमचाभर तूप. ह्यांच्या ताटात चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, कांद्याची पात, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि ज्वारीची भाकर. "रस्ताभर हिचा या भरितावर डोळा होता," असं हे म्हणाले आणि आणखी वाढून घेतलं. सुधीर म्हणाला, "आत्याले तिखट नको. डॉक्टर नाई म्हणतात अशात." मी मुकाट्यानं भात गिळला, कारण शेजारी बसून वहिनी तो मला भरवत होती.

दुपारी ती तेलाची वाटी घेऊन आली आणि माझे पाय चोळायला बसली. म्हणाली, "लग्नातलं मी मनात धरून बसली. तो पोट्टा फोटोवाला, त्याले काय अक्कल? पन मी तुयावर राग काढला. तू येऊन राहिली हे ऐकलं अन् मले वाटलं, आता कोनावर रागावू?"

मी पाय तसेच तिच्या पुढ्यात राहू दिले. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं. मी धडधाकट आहे हे कळलं की ही वाटी उचलून आत जाईल आणि पुन्हा आठ-दहा वर्षं बाहेर येणार नाही, याची मला भीती वाटत होती. पण तिचे डोळे पाण्यानं भरले होते, आणि ते मला बघवेना. या वयाच्या बाईला माझ्यासाठी खोटं रडवायचं, हे कुठल्या कृतज्ञतेत बसतं?

"वहिनी," मी म्हणाले, "मले काही नाही झालं. खरंच. नुसते गुडघे दुखतात."

तिचा हात थांबला. "मंजे तू मरून नाही राहिली?"

"नाही."

"मंग इतकी वर्सं आली काऊन नाहीस वं? मरनाची वाट पाहून राहिली होती काय?"

"अन् तू? तू तरी कुठं आली?"

ती उठली. वाटी उचलली आणि खरोखरच आत गेली. स्वयंपाकघरात भांडी आदळायला लागली. हे माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "निघायचं का?" मी चपला शोधायला उठले, तर वहिनी बाहेर आली. हातात ताट. त्यात भाकर, भरिताचा ढीग, वर कच्चं तेल आणि ठेचा. ताट माझ्यासमोर आदळून म्हणाली, "खाय. दुपारभर मले रडवलं. खाय आता."

मी खाल्लं. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यातलं ठेच्यामुळे किती, याचा हिशोब मी केला नाही. रात्री आम्ही तिथंच राहिलो. सकाळी निघताना मी गृहपाठ आठवून तिचा हात हातात घेतला, तर तिनं झटकला. "हे नाटक त्या कुसुमले दाखव. मले पुन्हा भेव वाटते."

टोल, पेट्रोल, पोहे आणि येताना रस्त्यावर घेतलेली संत्री, सगळं मिळून दोन दिवसांत दोन हजारांच्या आसपास खर्च आला. कुणाला जायचं असेल तर थंडीतच जा, संत्री आणि वांगी दोन्ही तेव्हाच खरी. कुणाचे आभार मानायला जात असाल, तर आधी फोनवर तब्येत बरी असल्याचं सांगून ठेवा.

वर्गात माझा गृहपाठ नापास झाला. भेटीचा सेल्फी नव्हता, आणि 'समोरच्या व्यक्तीनं कृतज्ञता स्वीकारली का?' या प्रश्नाला मी 'झटकली' असं उत्तर लिहिलं. तहसीलदारांना पूर्ण गुण मिळाले. बीपी होतं तिथंच आहे. गुडघेही.

परवा सकाळी चहा टाकला आणि पोस्ट लिहायच्या ऐवजी वहिनीला फोन लावला. तिनं घाबरूनच उचलला.

"काऊन वं? काय झालं?"

"काही नाही झालं, वहिनी. म्हणूनच केला."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मंग बोल ना," ती म्हणाली.