पूजेला बसलेला राउटर

घरात वायफाय घ्यायचं हे एका वाक्याचं काम आहे असं मला वाटलं होतं. माझ्या यादीत ते तसंच लिहिलं होतं, गॅसची नळी बदलणे आणि चष्म्याचा नंबर तपासणे यांच्या मधोमध. ती दोन्ही कामं त्याच आठवड्यात झाली. वायफायने मात्र पितृपंधरवडा खाल्ला आणि नवरात्रातही पाय पसरले.

गरज होती सासऱ्यांमुळे. आबा श्रावणात नळाजवळ घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन चालतात. आमची चाळ काळाचौकीची, संडास गॅलरीच्या टोकाला. तिथवर जाताना कोणीतरी सोबत लागतं. नवऱ्याची नोकरी फिरतीची, आठवड्यातले निम्मे दिवस तो बाहेरगावी. मी ऑफिसात. शेजारणी बघत होत्या, पण शेजारणींनी तरी किती बघायचं? ऑफिसने आठवड्यातून काही दिवस घरून काम करू दिलं तर उरलेल्या दिवसांचं कसंही जमवता आलं असतं. नाही दिलं, तर आबांना दिवाळीपासून डोंबिवलीला नणंदेकडे पाठवायचं, असं नवरा आणि नणंद यांचं फोनवर ठरलं होतं. तिच्याकडे लिफ्ट आहे, घरातच संडास आहे. सगळं सोयीचं. फक्त आबांचा जन्म या गॅलरीत गेलेला, आणि त्यांना हे सांगायचं कोणी, यावर बहीणभाऊ गप्प बसले होते.

तर वायफाय. कनेक्शन देणारा माणूस येतो म्हणायचा तेव्हा यायचा नाही. फोन केला की, "मॅडम, तुमच्याच एरियात आहे, पाच मिनिटं." एकदा मी हाफ डे टाकून घरी बसले, तर साहेब आदल्या दिवशीच येऊन, दार बंद म्हणून निघून गेले होते. आमच्या मजल्यावर दिवसा कोणाचंही दार बंद नसतं. अखेर आला तेव्हा त्याच्याबरोबर सगळा मजलाच आत आला.

"वायर आमच्या दारावरून नको हं," शेजारच्या काकू म्हणाल्या. "तोरणात अडकेल."

"मग खालून घेऊ?"

"खालून माणसं चालतात ना!"

शेवटी वायर काकूंच्या खिडकीला वळसा घालून, कोणाला न दुखवता, लांबचा रस्ता धरून आमच्या घरात शिरली. मग राउटरची पेटी कुठे लावायची हा प्रश्न. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवर लावली तर दोन्हीकडे नीट पोचेल, असं त्याचं म्हणणं. त्या भिंतीवर माझ्या सासूबाईंचा हार घातलेला फोटो.

"थंय नको," आबा म्हणाले. "दिवे लुकलुकत ऱ्हवले तर तिका झोप येवची नाय. झिरोचो बल्बसुद्धा चालायचो नाय तिका."

"आबा, त्या आता..."

"आता काय? सवय जाता?"

पेटी टीव्हीशेजारी शोकेसवर बसली. आतल्या खोलीत नेट रडतखडत पोचत होतं, म्हणून मी माझी खुर्चीच बाहेरच्या खोलीत आणली. दिवे हिरवे झाले. मी यादीतलं वाक्य खोडलं आणि मॅनेजरला कळवलं.

मॅनेजर माझ्याहून बरीच लहान आहे, पण बोलण्यात चोख. म्हणाली, "ट्रायल घेऊ या. शुक्रवारी अकराला घरून जॉइन व्हा. व्हिडिओ चालू ठेवा, पर्चेसचं सॉफ्टवेअर उघडून एक ऑर्डर पूर्ण करून दाखवा. मध्ये तुटलं तर मला वर शब्द टाकता येणार नाही, एवढंच."

तो शुक्रवार म्हणजे खंडेनवमी होती. कॅलेंडरवर मी ते पाहिलं होतं. फुलं आणायची एवढीच नोंद करून मी पुढे गेले. आता मला माझाच राग येतो, कारण या घरात इतकी वर्षं काढल्यावर खंडेनवमी म्हणजे काय हे मला ठाऊक असायला हवं होतं. आबा गिरणीत साच्यावर होते, म्हणजे मागावर. गिरणी गेली, साचे भंगारात गेले, पण दरवर्षी नवमीला घरातली हत्यारं पाटावर मांडली जातात. विळी, कात्री, पक्कड आणि आबांनी गिरणीतून आणलेला, मागावर सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी धोटा. आधी स्वच्छता, मग हळदकुंकू, झेंडू. आणि पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवायची. तेवढी मी चिरून ठेवली होती.

सकाळी उठल्याउठल्या नेट तपासलं. उत्तम. लॅपटॉप चार्ज, कॅमेऱ्यात मागे वाळत घातलेले कपडे दिसत नाहीत, बघून घेतलं. मग झेंडू आणायला खाली उतरले. सणाच्या दिवशी लालबागच्या बाजारात पटकन असं काही मिळत नाही. परत आले तर शोकेसवरची जागा रिकामी.

पाट मांडलेला होता, आबांना खाली बसता येत नाही म्हणून यंदा पलंगावर. धोटा, पक्कड, कात्री, विळी. आणि सगळ्यांच्या मधोमध राउटर, न्हाऊनमाखून चकचकीत, कपाळावर हळदकुंकवाची बोटं. वायरी बाजूला गुंडाळून रबरबँड लावून ठेवलेल्या. माझ्या लॅपटॉपच्या झाकणावरही एक बोट होतं. तो निदान बंद होता.

"आबा! हे काय केलंत?"

"घरातली नवी मशीन ती. पयली पूजा तिची नको?" ते खूश होते. "धूळ किती बसली होती गो. मागे एक बारीक भोक आसा, त्यात पण. उदबत्तीची काडी घालून साफ केलंय. बराच वेळ घासलंय."

"काडी घातलीत तेव्हा दिवे चालू होते?"

"होते. मग सगळे विझले. मी म्हटलं बरां झाला, आपणच थांबली. मग वायरी काढल्यो."

त्या बारीक भोकाजवळ काय लिहिलंय ते मी वाचलं. रिसेट. बसवणाऱ्या माणसाने तासभर बसून त्यात जे काही भरलं होतं, ते सगळं आबांनी भक्तिभावाने पुसून काढलं होतं. घड्याळात दहा वाजून गेले होते.

मोबाइलच्या नेटवर करावं म्हटलं, तर आमच्या खोलीत मोबाइलला रेंज नसते. फोन आला की सगळा मजला गॅलरीत जाऊन बोलतो. गॅलरीत त्या दिवशी मंडळाच्या स्पीकरची आरती चालू होती. तिथे बसून पर्चेस ऑर्डर करून दाखवणं म्हणजे देवीलाच साक्षीला बसवणं.

मी पाटावरून पेटी उचलायला वाकले.

"हां! हात नाय लावायचो," आबांनी वॉकरचा पाय मध्ये घातला. "पूजा झाली. आता उद्या."

"उद्या काय करू? माझी मीटिंग आज आहे."

"मीटिंग पुढे ढकल. गिरणीत हजार साचे बंद ऱ्हवायचे, मालकसुद्धा ब्र काढायचो नाय. तुझी मॅनेजर मालकापेक्षा मोठी?"

"मालकापेक्षा नाही, पण कडक आहे."

वाद घालायला वेळ नव्हता. गॅलरीत जाऊन कंपनीला फोन लावला तर बाई इंग्रजी-हिंदी-मराठी तिन्ही भाषांत मला 'बहुमूल्य ग्राहक' म्हणत राहिल्या. मी ठेवून दिला आणि तिथूनच बसवणाऱ्या माणसाला गाठलं. त्याच्या मागेही घंटा वाजत होती.

"मॅडम, आज नाही येता येणार. आमच्या दुकानात पण पूजा झाली. वायर जोडायचं मशीन पाटावर बसलंय. उचललं तर शेठ मला दुकानातून उचलेल."

गॅलरीच्या दारातून आबांना माझ्या फोनच्या स्पीकरवरचं हे ऐकू गेलं. "बघ," ते आतून म्हणाले, "माणूस रीतीतलो आसा."

"मला तुमचं मशीन नको हो," मी ओरडले. "मला फक्त आयडी आणि पासवर्ड सांगा. मी इथे भरते."

"तुम्हाला जमेल?"

"नाही जमलं तर तुमच्या शेठकडेच येऊन बसते."

मग त्याने वही शोधली. मी गॅलरीच्या कठड्यावर कागद धरला. मंडळाची आरती टिपेला पोचलेली. तो एकेक अक्षर ओरडत होता आणि मी ते परत ओरडत होते, म्हणजे अख्ख्या मजल्याला आमचा पासवर्ड पाठ झाला.

"बी की डी?"

"डी, मॅडम. डी फॉर डोंबिवली."

"डोंबिवलीचा डी," मी ओरडले. "पुढे?"

फोन ठेवून आत आले तर आबा पाटासमोर तसेच बसलेले, पण चेहरा बदललेला.

"डोंबिवलीचा काय चाललंय?" त्यांनी विचारलं. "तुझो नवरो परवा बहिणीशी बोलत होतो, तेव्हा पण डोंबिवली. माका बघून थांबलो. आता तू गॅलरीत ओरडतंस."

मला हे असं, घाईत, हातात पासवर्डचा कागद घेऊन सांगायचं नव्हतं. खरं तर मला ते सांगायचंच नव्हतं. ते ज्यांनी ठरवलं त्यांनी सांगायचं होतं. पण एक जण पुण्यात होता आणि एक डोंबिवलीत.

"आबा, आज माझी परीक्षा आहे. ही पेटी नीट चालली तर मला घरून काम करायला मिळेल आणि मी तुमच्यापाशी राहीन. नाही चालली तर दिवाळीपासून तुम्हाला डोंबिवलीला राहावं लागेल."

"कायमचा?"

"मला माहीत नाही."

गॅलरीतून काकू कोणाशी तरी हसत होत्या, ते आबा ऐकत राहिले. मग धोटा उचलून पाटाच्या कडेला सरकवला, जणू जागा करत होते.

"बॉयलर," ते म्हणाले.

"काय?"

"साचे बंद ऱ्हवायचे. बॉयलर नाय. तो विझवलो तर परत तापूक किती वेळ जाता. म्हणून बॉयलरक चालू असतानाच हळदकुंकू लावीत. तसोच फुलांचो हार घालीत, लांबून." त्यांनी मान हलवली. "म्हणजे ही मशीन बॉयलर खात्यातली. माका आधी सुचूक होया होता. उचल. पण कुंकू पुसू नको."

मी पेटी उचलली. कुंकवासकट. वायरी कुठल्या भोकात होत्या ते आबांना पक्कं आठवत होतं असं त्यांचं म्हणणं. त्यातल्या दोन उलट निघाल्या. पासवर्ड पहिल्यांदा घेतला नाही, कारण माझाच एक आकडा चुकला होता. दुसऱ्यांदाही नाही, कारण काही अक्षरं मोठी होती आणि ते त्याने सांगितलंच नव्हतं. परत गॅलरीत, परत आरडाओरडा. तिसऱ्यांदा दिवे हिरवे झाले आणि मी खांद्यावरचा पदर सारखा करून खुर्चीत बसले, तेव्हा मॅनेजर स्क्रीनवर आलेलीच होती.

मीटिंगभर आबा स्विचबोर्डाखाली स्टूल टाकून बसले होते. आमच्याकडे जाणारा-येणारा सहज पंख्याचं बटण दाबतो आणि त्याच्याच शेजारी पेटीचं बटण आहे. मी ऑर्डर भरत होते, मंजुरीसाठी पाठवत होते, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून काकू प्रसादाची वाटी घेऊन आत येताना दिसल्या. आबांनी वॉकर आडवा धरला.

"थांब! मशीन चालू आसा!"

"अहो, शिरा आहे."

"शिऱ्याक उशीर झालेलो चालता."

मॅनेजरला हे सगळं ऐकू गेलं असणार. तिने फक्त एकदा हसू दाबत ओठ चावला. ऑर्डर पूर्ण झाली. तुटलं नाही. "आवाज आहे थोडा," ती म्हणाली, "पण नेट चांगलं आहे. मंगळवार आणि गुरुवार घरून करा. तीन महिन्यांनी परत बघू."

मी हेडफोन काढला. मान आखडली होती, सकाळपासून चहा नव्हता, आणि झेंडू अजून पिशवीतच होते. कोणीतरी छान झालं म्हणेल अशी माझी अपेक्षा नव्हती, आणि कोणी म्हटलंही नाही.

आबांनी काकूंच्या हातातली वाटी घेतली. शिरा संपवला. मग माझ्याकडे हात केला. "फोन दी. डोंबिवलीक लाव."

मी वॉकरच्या मागोमाग चालत त्यांना गॅलरीत नेलं, कारण आत रेंज नव्हती, आणि नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

"आयकतंस?" ते लेकीला म्हणाले. "दिवाळीक तूच हंय ये, पोरांक घेऊन. माका नाय जमणा. मंगळवारी आणि गुरुवारी माका ड्युटी आसा."