टॅग हजर, पॅटर्न गायब

"मॅडम, स्क्रीनवर पॅटर्न हाय. रॅकवर न्हाय." स्टोअरकीपर पोवारमामांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री. मी कॉस्ट अकाउंटंट. आरएफआयडी बसवलं तर परवडेल का, एवढं बघायला मालकांनी मला बोलावलं होतं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. दोन हजार सालानंतरचे दिवस. पुण्या-मुंबईच्या कंपन्या हे तंत्र विकायला तेव्हा दारोदार फिरत होत्या.

पॅटर्न म्हणजे लाकडी नमुना. वाळूत त्याचा ठसा घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. पॅटर्न गिऱ्हाइकाचा असतो. हरवला की काम बंद, वर बोलणी वेगळी. आरएफआयडीत त्यावर टॅग, म्हणजे चिप असलेलं स्टिकर चिकटवतात. रॅकजवळचा रीडर रेडिओ लहरींनी ते ओळखतो आणि वस्तू जागेवर आहे असं कॉम्प्युटर सांगतो. पुण्याच्या इंजिनिअरनं एका रॅकवर ट्रायल लावली होती. त्याच्या प्रपोजलमध्ये फायद्याच्या बाजूला सगळ्यात मोठी रक्कम होती ती स्टोअरकीपरच्या वाचणाऱ्या पगाराची.

अशी बातमी लपते होय. "माजा पगार फायद्यात धरलाय म्हणं," मामा आधीच मला म्हणाले होते. "पोरगी वारणानगरला शिकतीया. तिचं हुईस्तवर तरी थांबाय सांगा की." मला फार वाईट वाटलं. पण काय सांगणार? हिशेब अजून व्हायचा होता.

आणि आता हा घोळ. गिऱ्हाइकाचा माणूस ऑफिसात बसलेला. शोधाशोध झाल्यावर सुपरवायझर म्हणाला, तो पॅटर्न त्यानंच उद्यमनगरला दुरुस्तीला धाडलाय.

"मग मामांना सांगायचं नाही?" मी विचारलं.

"मशीन हाय न्हवं? तेला कळंल म्हटलं."

मशीनला का कळलं नाही, तेही निघालं. रॅकवर एक प्लॅस्टिकची बरणी होती. सगळे टॅग तिच्यात. खंडेनवमीला आमच्याकडं कारखाना धुऊन-पुसून लख्ख करतात, यंत्रांची, हत्यारांची पूजा करतात. मामांनी रॉकेलच्या फडक्यानं एकेक पॅटर्न पुसला, तशी स्टिकरं सुटली. भारीतली वस्तू, टाकवेना, म्हणून जपून बरणीत भरली. रीडर बिचारा बरणी वाचत होता आणि सगळा माल हजर म्हणत होता.

"हे मुद्दाम केलंय," इंजिनिअर म्हणाला. "नोकरी जाणार म्हणून."

अण्णा कडाडले. "पोवार, उद्यापास्नं गेटच्या आत पाय ठेवायचा न्हाय."

"अण्णा, मनात पाप न्हवतं. पूजेला वस्तू मळकी कशी ठेवू?" मामा म्हणाले.

माझं डोकं सणकलं. मी इंजिनिअरकडं वळले. "टॅग निघाला तर तुमच्या सिस्टिमला कळतं?"

"टॅग कुठं आहे ते कळतं, मॅडम."

"आणि वस्तू?"

"ती अधूनमधून बघून घ्यायला लागते."

"कुणी? निघालेले टॅग लावायचे कुणी?"

"माणूस लागेल," तो हळूच म्हणाला.

तिथंच मी मामांचा पगार फायद्यातून काढून टाकला. झालं, हिशेब बसेना. रोज ढिगानं खोकी आत-बाहेर होतात अशा मोठ्या गोदामाला आरएफआयडी परवडेलही. या चार रॅकांना नव्हतं परवडत.

"म्हणजे मशीन पण आणायचं आणि माणूस पण पोसायचा?" अण्णा म्हणाले.

"दोन्ही झेपत नसेल तर मशीन राहू द्या. आणि पोसायचा म्हणू नका. त्यांना न सांगता पॅटर्न बाहेर धाडला म्हणूनच आज ही वेळ आली."

अण्णा कागद चाळत बसले. इंजिनिअरनं बॅग आवरायला घेतली. मग मामांकडं न बघताच अण्णा म्हणाले, "उद्या जरा लवकर या. पॅटर्न आणायला उद्यमनगरला जायचं हाय."

मामा पुढं तिथूनच रिटायर झाले. यंत्रामुळं कुणाचा तरी पगार वाचेल असं कुणी सांगायला लागलं, की मी अजून एकच विचारते. ते चुकलं, तर हाक कुणाला मारणार?