तो फवारत होता

पांढरकवड्याच्या बसस्टँडवर हैदराबादची गाडी लागली, तेव्हा दादाने माझी बॅग आत टाकली आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. आई कंडक्टरला पुन्हा पुन्हा विचारत होती, गाडी मधात कुठं थांबते, पोरगी एकटी हाय. दादा तिच्याकडे बघून हसला. मग खिडकीच्या गजाला धरून मला म्हणाला, "तिथं घाबरली त लहान वाक्य बोलजो. कोन, काय करते, कायले. एवढं आलं की समोरच्याले समजते."

मी मान हलवली. बोलले असते तर रडू आलं असतं.

राळेगावकडचं आमचं गाव. घरची शेती, कापूस आणि मधल्या ओळींत तूर. दादा कॉलेजात इंग्रजीत सगळ्यांच्या पुढे होता, पण बारावी झाली आणि बाबांची कंबर गेली. तो शेतात उतरला, आणि त्याला जे शिकायचं होतं ते त्याने मला शिकवायला घेतलं. आमचा वर्ग भरायचा कापसाच्या वेचणीत. तो एका ओळीत, मी शेजारच्या ओळीत. तो म्हणायचा, आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून ऐकणाऱ्याला थांबावं लागतं. 'मी कापूस वेचते.' इंग्रजीत ते थांबत नाही, कर्त्याच्या मागोमाग येऊन बसतं. 'आय पिक कॉटन.' मग नाम, सर्वनाम, विशेषण. मग काळ. काळ त्याला फार आवडायचे. नुसतं झालं आणि होत होतं यातला फरक तो बोंड हातात धरून सांगायचा. वेचलं, संपलं. वेचत होतो, तेवढ्यात काहीतरी झालं.

मला सगळ्यात जड गेला तो 'आय'. आपल्याकडे 'येते' म्हटलं की कोण येते ते त्यातच आलं. इंग्रजीत कर्ता आधी उभा करावा लागतो. आमच्या घरातल्या बायका 'मी' म्हणून वाक्य सुरू करत नव्हत्या. जाऊन येते, पाहू, होईल, अशी त्यांची बोलणी. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी स्वतःला ठेवायचं म्हणजे पुरुषमाणसांच्या बैठकीत आधी जाऊन बसल्यासारखं वाटायचं.

हैदराबादला मला एका कॉलनीतल्या लहान शाळेत सहावीला इंग्रजी शिकवायचं काम मिळालं होतं, तेही कच्चं. आधी काम बघणार, मग एक दिवस प्रिन्सिपल मॅडम वर्गात मागे बसून तास ऐकणार, आणि मग ठरवणार. तुमच्यापैकी जे घर सोडून गेले त्यांना ती छातीतली धाकधूक वेगळी सांगायला नको. राहायला एका हॉस्टेलमध्ये दोन तेलुगू मुलींबरोबर खोली, सकाळी इडली, दुपारी डब्यात पुन्हा तीच. वर्गातली पोरं घडाघडा इंग्रजी बोलायची. मला व्याकरण येत होतं, बोलणं येत नव्हतं. फळ्यावर वाक्याचे भाग पाडून दाखवताना हात चालायचा, पण कोणी मधेच काही विचारलं की जीभ टाळूला चिकटायची. स्टाफरूममध्ये मी बहुतेक वेळ हसून काढायचे.

घरून फोन आला की कापसाचं ऐकायला मिळायचं. गुलाबी अळी पडली. बोंड फोडलं की आत कीड. सगळं शिवार फवारत होतं. त्या वर्षी पऱ्हाटी, कापसाचं झाड, माणसाच्या डोक्यावर गेली होती, आणि फवारा उडाला की तोंडावरच यायचा.

माझ्या तासाच्या तपासणीचा दिवस ठरला. विषय भूतकाळ. त्या दिवशी सकाळी प्रार्थना संपली आणि शेजारच्या काकूंच्या फोनवरून आईचा आवाज आला. "दादाले यवतमाळले घेऊन चाललो. फवारनी करून राह्यला होता. डोयानं दिसत नाही म्हनते." मी विचारलं, बोलतो का? "मधात मधात बोलते," आई म्हणाली आणि फोन कटला. पुन्हा लावला तर लागेना.

मी सरळ मॅडमच्या खोलीत गेले. त्या तासाला निघायच्या तयारीत होत्या. मी बोलायला तोंड उघडलं आणि सगळं मराठीच्या चालीने बाहेर आलं. माय ब्रदर, कॉटन, फील्ड, पॉयझन. क्रियापद आलंच नाही. मॅडम थांबल्या होत्या. मग त्यांचा चेहरा उतरला, त्या खुर्चीतून उठल्या आणि हळू आवाजात त्यांनी विचारलं, त्याने विष घेतलं का? त्या वर्षांत यवतमाळ म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या मनात दुसरं काही येतच नसे.

मला एकदम राग आला. त्यांचा नाही. दादाला कोणी असं समजावं याचा.

"नो मॅडम," मी म्हणाले. "ही डिड नॉट ड्रिंक. ही वॉज स्प्रेयिंग."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, गो. तासाचं, नोकरीचं काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

आदिलाबादपर्यंत मी खिडकीबाहेर बघितलं नाही. फोन लागत नव्हता. दादाचा विचार मनात आला की तो 'होता'वर जाऊन थांबायचा, आणि मी तो मुद्दाम मोडून 'आहे' म्हणायचे. पैनगंगेचा पूल गेला. दिवस मावळल्यावर यवतमाळला पोचले. वॉर्डात सोडलं ते सकाळी.

वॉर्डात आमच्याकडचीच माणसं होती, सगळी फवारणीची. फवाऱ्याच्या औषधाने माणूस बेभान होतो म्हणून काहींचे हात पट्टीने खाटेला बांधले होते. दादाचेही बांधलेले होते. त्याने मान वळवली, पण त्याची नजर माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी गेली.

"बाई हाय का?" त्याने विचारलं. मला तो घरात बाईच म्हणायचा. "कायले आली? तुही तपासनी होती ना."

मी त्याचा बांधलेला हात धरला आणि मॅडमना काय सांगितलं ते सांगितलं. त्याने नीट ऐकलं. मग म्हणाला, "हेच इथं सांग. लोक म्हनून राह्यले का मी औषध पेलो."

आईने मला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. दादाची सोयरीक मी हैदराबादला जायच्या आधीच केळापूरजवळच्या एका गावात जुळली होती. मुलीचं नाव वैशाली. तिच्या घरी कोणीतरी सांगितलं होतं की पोराने स्वतःच औषध घेतलं. वैशालीच्या बाबांनी निरोप पाठवला होता, तूर्त राहू द्या. बाबांना चालवत नव्हतं, आईचा धीर होत नव्हता. मी म्हटलं, मी जाते.

दुपारी त्यांच्या ओसरीवर बसले. वैशालीचे बाबा समोर, दोन भाऊबंद बाजूला. पाणी दिलं, पण चहाचं कोणी काढलं नाही. मी पुरुषांत एकटी होते. इकडचं तिकडचं बोलून वळसा घ्यावा असं वाटलं. नाही घेतला.

"मी सांगते, काकाजी," मी म्हणाले. "माह्या भावानं औषध पेलं नाही. तो फवारत होता. अंगात भिनलं."

एका भाऊबंदाने विचारलं, कशावरून? मी म्हटलं, तुमच्या गावातलीही माणसं त्याच वॉर्डात आहेत, जाऊन बघा, त्या सगळ्यांनीही औषध घेतलं का? मग वैशालीच्या बाबांनी खाली बघत विचारलं, नजर परत येईल का? हो म्हणावंसं फार वाटलं. पण ते मला माहीत नव्हतं, आणि मी तसंच सांगितलं.

मला वाटलं, संपलं. मी उठायला लागले तेव्हा आतल्या दारातून वैशाली बाहेर आली. मी तिला एकदाच पाहिलं होतं, साखरपुड्याला, मान खाली घालून बसलेली.

"बाबा, मले पाह्यचं हाय त्याइले," ती म्हणाली. "मी जातो ह्यांच्यासंगं."

तिच्या बाबांनी तिला थांबवलं नाही. ते स्वतःच उठून चप्पल शोधायला लागले.

दादा वाचला. उजव्या डोळ्याला नीट दिसायला लागलं, डाव्यावर अजून धुकं आहे. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. मी हैदराबादला परतले तेव्हा प्रिन्सिपल मॅडमनी आधी दादाची चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मागे येऊन बसल्या. मी फार सुंदर शिकवलं असं नाही. मधे अडखळलेही. पण एका मुलीने विचारलं, 'वॉज' कशाला लागतं, आणि मी तिला न घाबरता उत्तर दिलं. नोकरी राहिली.

आता मी इथलीच झाल्यासारखी आहे. भाजीवालीशी तेलुगूत भाव करते, रागावले की हिंदीत रागावते, वर्गात इंग्रजी. स्वप्नात कोणती भाषा असते ते सकाळी आठवत नाही. घरमालकीणबाई चांगल्या आहेत, पण सणवार जवळ आला की विचारतात, गावाला कधी जाणार? गावाला गेले की शेजारीपाजारी विचारतात, परत कधी? दोन्हीकडे मी निघालेलीच. जे गेले त्यांना हे ठाऊक असेल. जे मागे राहिले ते मुद्दाम लागावं म्हणून विचारतात असं नाही, पण लागतं.

गेल्या दिवाळीत वैशालीवहिनी मला घ्यायला पांढरकवड्याला आली होती. घरची दुचाकी आता तीच चालवते. घराच्या दारात मी बॅग उतरवत होते, तेवढ्यात समोरच्या आजी आल्या, मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "आल्या का पाव्हन्या? किती दिवस हाय?"

वहिनीने माझ्या हातातली बॅग काढून घेतली आणि गाडी स्टँडला लावत म्हणाली, "पाव्हनी काहून म्हनता, आजी? थे घरची हाय. तिले जायाचं नोका विचारू."